हवालदाराचे गुरुजी होतात कसे?

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले नाहूर स्टेशन तसे लहान. पण सकाळी सातच्या सुमारास त्याच्या जिन्याजवळ पाच मिनिटे उभे राहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. रात्रपाळी संपवून घरी निघालेले आणि दिवसपाळीवर चाललेले सुरक्षा रक्षक तेथे एकमेकांना ओलांडून जात असतात. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांना फाटके आली आणि प्रत्येक फाटकाला माणसे लागली. गणवेश सगळ्यांचे जवळजवळ सारखे. तरी त्यांतला माजी सैनिक कोणता, हे मला आता चटकन ओळखता येते. रात्रभर उभे राहूनही त्याच्या बुटांना पॉलिश असते आणि गर्दीतही त्याचे पाऊल मोजल्यासारखे पडते.

माझे थोरले मामा त्यांपैकीच एक. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षे नोकरी करून २०२१ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांतली तीन वर्षे ते बेळगावच्या केंद्रात नव्या रंगरुटांना कवायत शिकवणारे 'उस्ताद' होते. आज ते आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर असलेल्या एका इमारतीच्या फाटकावर बारा तासांची पाळी करतात. त्यांची इच्छा मात्र एकच आहे. एखाद्या हायस्कुलात मुलांना कवायत शिकवावी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे त्यासाठीचे अर्ज भरण्याचे आणि परिपत्रके वाचण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. त्या वाचनातून आणि गेल्या हिवाळ्यातील दीड महिन्याच्या अनुभवातून जे हाती लागले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. राज्यात माजी सैनिक आहेत, शाळांत मुले आहेत. मग एकाने दुसऱ्याला शिकवण्यात अडचण ती कोणती? माझ्या मते अडचणी दोन आहेत. एक कागदावरची आणि दुसरी मैदानावरची. पहिलीविषयी सगळेच बोलतात. दुसरी अधिक अवघड आहे, पण तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'निवृत्त' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांचे, सकाळी फिरायला जाणारे आजोबा येतात. सैन्यातील साध्या जवानाची निवृत्ती तशी नसते. तेथे सेवेची वर्षे हुद्द्यावर ठरतात. हुद्दा जितका लहान तितकी सेवा लवकर संपते. पेन्शन मिळण्यासाठी जवानाला किमान १५ वर्षे सेवा करावी लागते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा त्यामुळे पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान केव्हातरी घरी परत येतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, अंगात ताकद असते आणि हाताला काम नसते. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यातील अग्निवीरांची मुदत चार वर्षांची आहे आणि एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. बाकीचे जवान पंचविशीच्या आतबाहेर घरी येणार. म्हणजे 'सैन्यानंतर काय?' हा प्रश्न आता मामांच्या पिढीपुरता राहिलेला नाही. तो आपल्या वर्गात बाकावर बसणाऱ्या मुलांचाही आहे.

आता शाळेत ही कवायत शिकवते कोण, ते पाहू. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे आपली एन.सी.सी., पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग आला. शाळेतील छात्रांचा विभाग कनिष्ठ आणि महाविद्यालयातील वरिष्ठ समजला जातो. शाळेत दोन वर्षे पूर्ण करून परीक्षा दिली की 'ए' प्रमाणपत्र मिळते. 'बी' आणि 'सी' ही महाविद्यालयात. मी स्वतः यंदा 'बी'च्या परीक्षेला बसणार आहे.

या छात्रांना शिकवणारी माणसे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे सहयोगी एन.सी.सी. अधिकारी. हे त्याच शाळेतील शिक्षक असतात. इतिहास, गणित किंवा शारीरिक शिक्षण शिकवता शिकवता ते ही जबाबदारी घेतात. पुरुष शिक्षकांचे प्रशिक्षण आपल्याच राज्यात, नागपूरजवळच्या कामठी येथील अकादमीत होते. शिक्षिकांसाठी तशी अकादमी ग्वाल्हेरला आहे. प्रशिक्षण संपले की शाळेतील शिक्षकाला 'थर्ड ऑफिसर' हा हुद्दा मिळतो आणि पुढे बढती मिळत जाते. दुसरा प्रकार म्हणजे सैन्यातून काही वर्षांसाठी एन.सी.सी.च्या बटालियनमध्ये पाठवलेले सुभेदार, हवालदार वगैरे. आपण त्यांना 'पी.आय. स्टाफ' म्हणतो. ही मंडळी अजून सैन्याच्या नोकरीत असतात. एका बटालियनकडे अनेक शाळा-महाविद्यालये असल्यामुळे ते आज येथे तर उद्या तेथे, असे फिरत असतात.

म्हणजे पाहा, पहिला शाळेचा आहे पण सैनिक नाही. दुसरा सैनिक आहे पण शाळेचा नाही. निवृत्त हवालदार या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहतो. शिक्षक व्हायचे तर पदवी आणि बी.एड. किंवा बी.पी.एड. यांसारखी व्यावसायिक पात्रता लागते, आणि पी.आय. स्टाफमध्ये जायचे तर तो अजून नोकरीत असायला हवा. दहावी उत्तीर्ण होऊन १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला सैन्याकडून पदवीशी समकक्ष असे एक प्रमाणपत्र मिळते. मामांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. परंतु ते तृतीय श्रेणीतील अशाच नोकऱ्यांसाठी चालते, जेथे साधी पदवी पुरते आणि धंदेशिक्षणाची अट नसते. शाळेतील शिक्षकाची जागा त्यात बसत नाही. सरकारी नोकरीत माजी सैनिकांना राखीव जागा आहेत, वयाची सवलत आहे. पण जे पदच अस्तित्वात नाही, त्यावर सवलत कशी लागू होणार?

असे असले तरी दारे अगदीच बंद नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे आज चार वाटा आहेत.

पहिली वाट सैनिकी शाळांची. देशातील पहिली सैनिक स्कूल १९६१ साली आपल्या साताऱ्यात सुरू झाली. २०१९ साली चंद्रपूरला दुसरी आली. याशिवाय राज्य शासनाच्या धोरणाने निरनिराळ्या जिल्ह्यांत खासगी संस्थांच्या सैनिकी शाळा निघाल्या; पुणे जिल्ह्यात कासार आंबोली येथे तर खास मुलींची सैनिकी शाळा आहे. अशा निवासी शाळांत सकाळची कवायत, अडथळ्यांची शर्यत, वसतिगृहाची शिस्त यांसाठी निवृत्त सैनिक घेतले जातात. अडचण एवढीच की या शाळा शहरापासून दूर असतात आणि माणसाला बिऱ्हाड हलवावे लागते.

दुसरी वाट नवी आहे. २०२४ साली संरक्षण मंत्रालयाने एन.सी.सी.मध्ये आणखी तीन लाख छात्रांच्या जागा वाढवण्यास मंजुरी दिली. १९४८ साली अवघ्या वीस हजार छात्रांनी सुरू झालेली ही संघटना त्यामुळे वीस लाखांपर्यंत जाणार आहे. या योजनेतील आपल्या विषयाशी जुळणारा भाग असा, की वाढलेल्या छात्रांना शिकवण्यासाठी माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. मामांनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

तिसरी वाट राज्याच्या घोषणेची. जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादाजी भुसे यांनी जाहीर केले की, पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी शिक्षण देण्यात येईल आणि त्यासाठी क्रीडा शिक्षक, एन.सी.सी., स्काउट-गाइड यांच्याबरोबर राज्यातील सुमारे अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेतली जाईल. या घोषणेनंतर आमच्या चाळीत मामांना लोक 'मास्तर' म्हणू लागले. मामा हसत, पण त्यांनी जुना गणवेश ट्रंकेतून काढून उन्हात घातला, हे मी पाहिले.

चौथी वाट सर्वांत अरुंद आणि सर्वांत अधिक वापरातली. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आले की शाळांना संचलन बसवून देणारा माणूस हवा असतो. तेव्हा ओळखीच्या माजी सैनिकाला बोलावतात, थोडे मानधन देतात, शाल-श्रीफळ देतात आणि सत्तावीस तारखेला सगळे विसरतात.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांच्यासाठी थोडी उपयोगाची माहिती येथेच देते. निवृत्त सैनिकाने प्रथम आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे, कारण नोकरीसाठीची शिफारस तेथून होते. सेवापुस्तकातील प्रशिक्षणाच्या नोंदी, म्हणजे कोणते कोर्स केले, कोठे उस्ताद होतो, याच्या प्रती काढून ठेवाव्यात. पुष्कळांना त्यांचे महत्त्व नंतर कळते. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयामार्फत मिळणाऱ्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. शाळेत काम करायचे तर पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी लागते, तीही आधीच करून घ्यावी. आणि शक्य असेल त्याने पदवी पूर्ण करावी. हे शेवटचे सांगणे सोपे आहे, करणे किती कठीण ते मी घरात पाहते आहे.

येथवर झाली कागदावरची गोष्ट. पण कागद मिळाला म्हणजे हवालदाराचा गुरुजी झाला का? या ठिकाणी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल, कारण हा प्रयोग आपल्या देशात पूर्वी होऊन गेला आहे आणि त्याच्या मुळाशी एक मराठी माणूस होता.

मंत्रालयासमोरील यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात आपल्यापैकी अनेकजण कार्यक्रमांना जातात. तेथील रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले यांचे नाव आहे. ते सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचे. डेहराडून आणि सँडहर्स्ट येथे शिकून ते सैन्यात अधिकारी झाले आणि पुढे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत मोठ्या पदावर पोचले. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने उघड्यावर आलेल्या निर्वासितांची मुले त्यांनी दिल्लीत पाहिली. १९५४ साली तेथील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत त्यांनी या मुलांसाठी कवायत, व्यायाम, समूहगीते आणि संस्कार यांचा एक कार्यक्रम सुरू केला. तीच पुढे 'राष्ट्रीय शिस्त योजना' म्हणून अनेक राज्यांतील शाळांत पोचली.

या योजनेतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की शाळेत जाणाऱ्या निदेशकांना आधी शिकवले जाई. त्यासाठी राजस्थानात अलवारजवळ सरिस्का येथे एक केंद्रीय प्रशिक्षण संस्था होती. कवायत येते म्हणजे मुलांना शिकवता येते, असे भोसले यांच्यासारख्या सेनानीनेही गृहीत धरले नव्हते. पुढे १९६५ साली ही योजना इतर शारीरिक शिक्षणाच्या कार्यक्रमांबरोबर एकत्र करण्यात आली आणि कालांतराने तिचे स्वतंत्र नावही मागे पडले.

दुसरा प्रयोग याच्या अगदी उलट. १९६२च्या चीन युद्धानंतर देशात सर्वत्र अस्वस्थता होती. १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. विद्यार्थी एकदम वाढले, पण त्या प्रमाणात शिकवणारे, मैदाने आणि साहित्य वाढणे शक्य नव्हते. पाच वर्षांनी, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक झाली. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एवढे नक्की कळते: संख्या हुकमाने वाढवता येते, शिक्षक हुकमाने तयार होत नाही.

आता मैदानावरची गोष्ट सांगते. गेल्या डिसेंबरात जवळच्या एका हायस्कुलाने मामांना सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी बोलावले. आठवी-नववीची साठ मुलेमुली. मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरसबंद जागा. मी एन.सी.सी.ची म्हणून मुलींच्या मदतीला गेले होते. पहिल्या दिवशी मामांनी बेळगावच्या आवाजात 'सावधान' दिले. पाठीमागच्या इमारतीच्या दोन खिडक्या उघडल्या, पुढच्या रांगेतील मुले दचकली आणि मागची हसली. हसणाऱ्यांना मामांनी हात वर करून जागेला पाच फेऱ्या मारायला लावल्या. सैन्यात आणि आमच्या एन.सी.सी.तही याला 'रगडा' म्हणतात. थोड्याच वेळात एक मुलगी भोवळ येऊन खाली बसली. दुसऱ्या दिवशी साठांपैकी चौतीस मुले आली.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी मामांना बसवून चहा दिला आणि शांतपणे एक गोष्ट सांगितली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना मनाई आहे. बराकीत जे रोजचे आहे, ते शाळेत गुन्ह्यासारखे आहे. मामा घरी आले ते गप्पच होते. जेवताना एकदम म्हणाले, "रंगरूट स्वतःच्या सहीनं येतो गं. ही पोरं आईबापानं दप्तर भरून पाठवल्याली."

माझ्या मते या एका वाक्यात साऱ्या विषयाचे सार आहे. रंगरूट स्वखुशीने भरती झालेला असतो. तो अठरा वर्षांचा असतो, चोवीस तास केंद्रात राहतो, त्याला तिन्ही वेळचे जेवण केंद्र देते आणि कवायत हाच त्याचा अभ्यास असतो. शाळेतला तेरा वर्षांचा मुलगा सकाळी चहा-बिस्किटावर आलेला असतो, त्याला नंतर गणिताचा तास असतो आणि त्याने काहीही कबूल केलेले नसते. हुकूम पाळला जातो तो हुकमामागे सगळी यंत्रणा उभी असते म्हणून. शाळेत ती यंत्रणा नसते, आणि नसावीच. तेथे उस्तादापाशी उरते ते फक्त शिकवण्याचे कसब.

आणि ते कसब मामांपाशी होते, हेच मला नंतरच्या दिवसांत उमगले. सैन्यातील उस्तादाचा पाठ ठरलेल्या पायऱ्यांनी चालतो. 'शुरू शुरू का काम' म्हणजे तुकडी लावणे आणि तपासणे; मग मागच्या पाठाची 'दोहराई'; मग आजचा 'उद्देश्य'; मग पाठाची 'भागों में बाँट'; मग उस्तादाने स्वतः करून दाखवलेला नमुना; त्यानंतर 'गिनती से' अभ्यास, म्हणजे एकच हालचाल एक-दोन-तीन असे तुकडे पाडून; आणि शेवटी 'संक्षेप'. आमच्या शेजारच्या ताई बी.एड. करतात. त्यांच्या पाठटाचणाच्या वहीत पूर्वज्ञानाची जागृती, हेतुकथन, विषयप्रतिपादन, उपयोजन अशा पायऱ्या असतात. मी दोन्ही शेजारी लिहून पाहिल्या. नावे निराळी, पण जिना एकच! गावाकडच्या दहावी झालेल्या माणसाने बी.एड.चे नाव न ऐकता ही विद्या आत्मसात केली होती. फरक एवढाच की त्याला ती विद्या असल्याचे कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून मामांनी आवाज खाली आणला आणि सगळे मोजून घेतले. सैन्याच्या तेज चालीत मिनिटाला १२० पावले आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचे. आठवीच्या मुलाचे पाय तेवढे लांब नसतात. ३० इंच टाकताना त्याचा तोल जातो आणि रांग मोडते. मामांनी घरून शिंपीकामाची पट्टी आणली आणि फरशीवर खडूने २४ इंचांवर रेघा ओढल्या. मुले रेघांवर पाऊल टाकू लागली आणि दोन दिवसांत रांग सरळ झाली. डावे-उजवे चुकणाऱ्या मुलांना रांगेतून बाहेर काढण्याऐवजी त्यांच्या डाव्या मनगटावर रबरबँड बांधला.

भोवळ येण्याचे कारणही त्यांनीच समजावले. सावधानमध्ये गुडघे ताठ करून फार वेळ उभे राहिले की रक्त पायांत साचते, डोक्याला कमी पोचते आणि त्यातच पोट रिकामे असले तर माणूस पडतो. म्हणून उभ्या उभ्या बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहायची. बाहेरून कोणाला दिसत नाही. आणि कवायतीला येताना पोळीचा का होईना एक घास खाऊन यायचे. पुढच्या दिवसांत मामांनी स्वतःच्या पैशांनी शेंगदाणे आणि गूळ आणून ठेवला. फाटकावरची पाळी संपवून, न झोपता, ते थेट शाळेत येत. सव्वीस जानेवारीला साठांपैकी अठ्ठावन्न मुले संचलनात चालली. उरलेल्या दोघांना ताप होता.

फेब्रुवारीत मामांनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारले, "वर्षभर येऊ का?" बाईंना मनापासून हवे होते, परंतु त्यांच्याकडे पद नव्हते, वेतनाचे शीर्ष नव्हते आणि मामांपाशी बी.पी.एड. नव्हते. कोणालाच दोष देण्यासारखे नाही. तरी त्या रात्री मामा नेहमीच्या वेळी फाटकावर गेले, तेव्हा घरातल्या कोणालाच धड बोलवले नाही.

या विषयावर आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा एका मैत्रिणीने विचारले, "पण मुलांना सैनिकी शिक्षण हवेच कशाला? हुकूम ऐकणारी मुले पुढे प्रश्न विचारतील का?" आपल्या प्राध्यापकांपैकी काहींचे मतही असेच आहे, आणि ती शंका मला रास्त वाटते. पहिलीतल्या मुलाला रांगेत उभे करून 'सावधान' करायला लावण्याने देशप्रेम वाढेल, असे मलाही वाटत नाही. पण मी जे पाहिले त्यावरून सांगते, की चांगल्या कवायतीत मूल हुकमापेक्षा अधिक काही शिकते. आपले पाऊल शेजारच्याच्या पावलाशी जुळवायचे, आपल्यामुळे साठजणांची रांग मोडू द्यायची नाही, हे ते अंगाने शिकते. वाईट कवायतीत मात्र ते फक्त भीती शिकते. दोहोंतला फरक शिकवणाऱ्यावर अवलंबून असतो. म्हणूनच माजी सैनिकांना शाळेत आणायचे असेल, तर तीन गोष्टी आधी व्हाव्यात असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. त्यांना मुलांचे वय, मुलांचे मन आणि मुलांचे कायदे यांविषयी काही आठवड्यांचे शिक्षण द्यावे. कामठीची अकादमी तर आपल्याच राज्यात आहे. त्यांच्यासाठी शाळेत पगाराचे निश्चित पद असावे. शाल-श्रीफळावर संसार चालत नाही. आणि त्यांनी सैन्यात शिकवण्याचा जो अनुभव घेतला, त्याला शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात काही श्रेयांक मिळावेत. ही शेवटची सूचना धाडसाची वाटेल, पण दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ती पटेल.

मामांनी यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी नाव घातले आहे. बारावी त्यांनी नोकरीत असतानाच केली होती. पदवी, मग बी.पी.एड., असा हिशेब केला तर सगळे जमून येईपर्यंत ते पन्नाशीच्या घरात असतील. मी हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मग काय झालं? पन्नाशीतला गुरुजी कुणी पाहिला न्हाई काय?" माझी पहिल्या वर्षाची पुस्तके त्यांनी खाकी कागदाची कव्हरे घालून, वर नाव आणि विषय लिहून ठेवली आहेत. रात्री दोन ते चार या वेळात फाटकावर गाड्या येत नाहीत, तेव्हा ते वाचतात. न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ असते, आणि ते मला सकाळी विचारतात. कधी कधी मलाही सांगता येत नाही. मग तो शब्द घेऊन मी वर्गात येते. माझे काही प्रश्न ऐकून सरांना नवल वाटले असेल, तर त्याचे कारण हे आहे.